चित्रपुस्तकावरून कलाप्रकल्प घेताना: कागद, रंग, ठसे आणि घड्या

प्रश्न असा आहे: ४ ते ८ वर्षांच्या वीसेक मुलांना चित्रपुस्तक वाचून दाखवल्यावर कोणते कलाप्रकल्प घ्यावेत? ‘आवडलेलं चित्र काढा’ म्हटलं की निम्मी मुलं पुस्तकातलं चित्र उतरवायला बघतात, हुबेहूब जमलं नाही की खोडत बसतात आणि थोड्या वेळाने ‘मला येत नाही’ म्हणून कागद बाजूला सारतात.

अडचण मुलांत नाही, आपण दिलेल्या सूचनेत आहे. पुस्तकातलं चित्र हात मुरलेल्या चित्रकाराने केलेलं असतं. पाच वर्षांच्या मुलाला पेन्सिल देऊन त्याच्यासमोर बसवलं तर ते मूल खट्टू होणारच. म्हणून चित्र बाजूला ठेवा आणि ते कसं केलंय तेवढं उचला. कागद फाडून चिकटवलाय का? ठसे मारलेत का? मेणखडूवरून पातळ रंग फिरवलाय का? ती रीत मुलांना ओळखू द्या आणि मग वापरायला द्या. विषय मुलाचा स्वतःचा राहतो, आणि हुबेहूबपणाची कटकट आपोआप सुटते, कारण फाडलेल्या कागदात हुबेहूब असं कोणालाच काही करता येत नाही. खाली जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पुस्तक निवडणं आणि बघणं

ज्या पुस्तकात हाताचं काम दिसतं ते घ्या: कागदाची फाटकी कड, ब्रशचे ओरखडे, ठशाचा अर्धवट उमटलेला भाग, एका तुकड्यावर चढलेला दुसरा तुकडा. संगणकावर गुळगुळीत छटा भरलेली चित्रं गोष्टीसाठी चांगली असतील, पण या कामाला उपयोगाची नाहीत. त्यात मुलाच्या हाताला धरायला काही सापडत नाही. पानावर एक-दोनच पात्रं आणि मोकळी पार्श्वभूमी असेल तर उत्तम.

पहिलं वाचन फक्त गोष्टीसाठी करा. मध्ये थांबून रंगांबद्दल विचारू नका, त्याने गोष्ट तुटते. दुसऱ्या वेळी शब्द न वाचता नुसती पानं उलटा. आता मुलांच्या हातात एकेक ‘खिडकी’ द्या: १० × १० सेंमीचा कार्डशीटचा तुकडा, मधोमध ४ × ४ सेंमीचं भोक. ही खिडकी पानावर ठेवली की मुलाला पात्र दिसेनासं होतं आणि उरतो फक्त पोत, रंग आणि कड. तीन प्रश्न पुरतात. हे कशानं केलं असेल? कोणता तुकडा आधी चिकटवला असेल आणि कोणता नंतर? इथे रंग सगळीकडे सारखा आहे का? मधला प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. चिकटकामात मुलं बहुतेक वेळा डोळे आणि तोंड आधी चिकटवतात, मग त्यांच्याभोवती डोकं बसवायला धडपडतात. ‘आधी काय, नंतर काय’ हे त्यांनी स्वतः शोधलेलं असलं की ती गडबड बरीच कमी होते.

हे दहा मिनिटांत संपवा, आणि मग पुस्तक मिटून कपाटात ठेवा. समोर उघडं राहिलं तर मुलं त्यातलंच उतरवतात. तसंच तुम्ही आधी करून आणलेला तयार नमुना फळ्यावर लावू नका. दाखवायची ती फक्त हाताची क्रिया, तीही एखाद्या रद्दी कागदावर, आणि दाखवून झाली की तो कागद बाजूला.

रंगवलेल्या कागदाचं कोलाज

कोलाजवर, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रावर, सर्वांत जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं, कारण यात रंग बनवणं, पोत काढणं, कापणं आणि रचणं अशा चारही गोष्टी येतात. एरिक कार्ल यांच्या १९६९ साली आलेल्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ची चित्रं याच रीतीची आहेत. ते पातळ टिश्यू कागद ॲक्रिलिक रंगांनी आधी रंगवून ठेवत, मग त्यातून हवे ते आकार कापून चिकटवत. म्हणजे रंगवणं वेगळं आणि चित्र वेगळं. लहान मुलांसाठी ही फोड फार सोयीची आहे. रंगवताना ‘हे काय होणार’ याचं दडपण नसतं. आपण फक्त एक छान कागद तयार करत असतो.

टिश्यू मात्र मुलांना देऊ नका. ओला झाला की तो बोटाला चिकटून फाटतो. ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागद किती जड-जाड ते सांगणारं माप) साधा झेरॉक्सचा कागद चालतो, १२० जीएसएमचा कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, मिळाला तर अधिक बरा. वीस मुलांना प्रत्येकी तीन म्हणजे ए४ आकाराचे ६० कागद लागतात. एका ए४ कागदावर सैल हाताने रंग दिला तर ६ ते ८ मिली पातळ केलेला रंग जातो. म्हणजे एकूण अर्धा लिटर धरा, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त पोस्टर कलर आणि बाकी पाणी. ब्रश उचलल्यावर थेंब सावकाश पडावा, धार लागू नये, इतकं दाट ठेवा. रंग फार दाट झाला तर वाळल्यावर कागद वाकवताना त्याच्या खपल्या पडतात. तसं होत असेल तर चार भाग रंगात एक भाग पांढरा डिंक मिसळा; थर लवचीक होतो आणि खपली सुटत नाही.

रंगांची मांडणी नीट ठरवून करा. एका टेबलावर सगळे रंग ठेवले तर वीस मिनिटांत सगळ्यांचे कागद एकाच मळकट तपकिरी रंगाचे होतात. कारण सरळ आहे: लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही एकत्र आले की ते एकमेकांचा तजेला मारतात. म्हणून तीन टेबलं करा. पहिल्यावर पिवळा आणि लाल, दुसऱ्यावर पिवळा आणि निळा, तिसऱ्यावर निळा आणि लाल. पांढरा तिन्हीकडे. मुलं टेबल बदलतील, पण ब्रश टेबलावरच राहतील. जांभळा रंग काळपट येतोय अशी तक्रार तिसऱ्या टेबलावर हमखास येते. नारिंगीकडे झुकणाऱ्या लालमध्ये पिवळा दडलेला असतो, म्हणून असं होतं. तिथे शेंदरी लाल न ठेवता किरमिजी किंवा गडद गुलाबी ठेवा, जांभळा लगेच उजळतो.

पोत काढायचा तो रंग ओला असतानाच. जुना कंगवा, पुठ्ठ्याची दातेरी कापलेली पट्टी, स्पंज, फुगेवाला प्लास्टिक कागद, ब्रशची उलटी बाजू, काहीही चालतं. पातळ थर दोन-तीन मिनिटांत सुकायला लागतो, तेव्हा संपूर्ण कागद रंगवून मग पोत काढायला गेलं तर उशीर होतो. अर्धा कागद रंगवा, पोत काढा, मग उरलेला अर्धा. मुलांना कंगवा फिरवायला इतकं आवडतं की ती परत परत फिरवतात आणि रेघा पुसल्या जातात. ‘दोनदाच फिरवायचा’ एवढा नियम आधी सांगून ठेवा.

वाळताना कागद गुंडाळले जातात. पाण्याने कागदाचे तंतू फुगतात आणि सुकताना रंगाचा थर आक्रसून कागदाला आपल्या बाजूला ओढतो. पूर्ण वाळल्यावर मागच्या बाजूने किंचित ओला स्पंज फिरवा, रद्दीच्या दोन कागदांमध्ये ठेवा आणि वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर राहू द्या. ओले कागद दोरीवर चिमटे लावून टांगायचा मोह टाळा, रंग खाली ओघळून पोत बिघडतो. प्लास्टिकच्या शीटवर आडवे पसरून ठेवा. वर्तमानपत्रावर ठेवले तर कडेने गेलेला रंग वाळून कागद खाली चिकटतो.

दुसऱ्या दिवशी सगळे कागद एकत्र करा आणि रंगांप्रमाणे चार-पाच ट्रेमध्ये लावा. ‘माझा कागद’ ही भावना इथे सोडवावी लागते, आणि तो क्षण थोडा नाजूक असतो. प्रत्येकाला स्वतःचा एक आवडता कागद राखून ठेवू द्या, उरलेले दोन सर्वांचे. मग कोणी दुसऱ्याचा निळा कागद आभाळाला वापरला की ज्याचा तो कागद आहे त्याला उलट आनंदच होतो.

कापण्याआधी पेन्सिलीने आकार काढू देऊ नका, निदान पहिल्या वेळी तरी. पेन्सिल आली की परत खोडणं येतं. मोठ्या आकारापासून सुरुवात: आधी ए४ किंवा ए३ जाड कागदाची पार्श्वभूमी, मग धड, मग डोकं, शेवटी डोळे. सगळे तुकडे न चिकटवता मांडून बघायचे, हलवायचे, उलटसुलट करायचे. ही मांडामांड हाच खरा चित्रविचार आहे. तिला निदान दहा मिनिटं द्या आणि तोवर डिंक टेबलावर आणूच नका. डिंक समोर दिसला की मुलं पहिला तुकडा लगेच चिकटवून टाकतात.

डिंक पांढरा, पाण्यात विरघळणारा घ्यावा. पातळ कागदाला दोन भाग डिंक आणि एक भाग पाणी, जाड कागदाला तसाच. डिंक तुकड्याच्या मागे लावायचा, आणि कडेपर्यंत लावायचा. मुलं मधोमध मोठा गोळा टाकतात. मध्यभागी फुगवटा येतो आणि कडा उचललेल्या राहतात. त्यासाठी प्रत्येकाला एक जुनं मासिक द्या: तुकडा त्याच्या पानावर पालथा ठेवायचा, ब्रश मधून बाहेरच्या दिशेने कडेपलीकडे न्यायचा, तुकडा उचलून चित्रावर बसवायचा, वर कोरडा कागद ठेवून तळहाताने दाबायचं. पुढच्या तुकड्याला मासिकाचं नवं पान.

फाडकाम, सर्वांत लहानांसाठी

चार वर्षांच्या मुलांना कात्रीपेक्षा फाडणं द्या. लिओ लिओनी यांचं ‘लिटल ब्लू अँड लिटल येलो’ (१९५९) या रीतीचं अगदी निखळ उदाहरण आहे. त्यातली पात्रं म्हणजे फाडलेल्या कागदाचे नुसते रंगीत ठिपके, ना डोळे ना हातपाय. तरी कोण कोणाचं घरचं आहे, कोण घाबरलंय, कोण खेळतंय हे सगळं फक्त जागेवरून आणि जवळिकीवरून कळतं. मुलांना प्रत्येकी पाच तुकडे फाडायला सांगा आणि विचारा: यातला एकटा कोण? तो एकटा आहे हे दाखवायला कुठे ठेवशील? कोपऱ्यात ठेवलेला एक लहान तुकडा आणि दूर बाकीच्यांचा घोळका, एवढ्यात गोष्ट उभी राहते.

फाडताना दोन्ही हातांची बोटं एकमेकांच्या जवळ हवीत. हात लांब धरले की कागद एकदम टर्रकन फाटत जातो आणि मूल दचकतं. कागदाला तंतूंची दिशा असते. त्या दिशेने फाडलं तर सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं तर कड वेडीवाकडी जाते. मुलांना दोन्ही करून बघू द्या, मग डोंगराला कुठली कड आणि रस्त्याला कुठली हे तीच ठरवतात. एका बाजूने छापलेला रंगीत कागद फाडला की एका तुकड्याला पांढरी किनार राहते, दुसऱ्याला नाही. ओढायची दिशा बदलली की किनारही बदलते. लाटांच्या फेसाला ही पांढरी किनार सुरेख दिसते.

निळा आणि पिवळा एकत्र येऊन हिरवा होतो हे दाखवायचं असेल तर साध्या कागदावर ते होणार नाही, वरचा कागद खालच्याला नुसता झाकतो आणि मुलं गोंधळतात. त्यासाठी पारदर्शक जिलेटीन पेपर घ्या आणि खिडकीच्या काचेवर किंवा उजेडासमोर धरा. हा कागद पाण्याचा डिंक शोषत नाही, उलट डिंक तसाच ओला राहून तुकडे घसरतात. कडेला पारदर्शक चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावणं हाच त्यावर उपाय.

ठसे आणि शिंतोडे

एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘द स्नोई डे’मध्ये (१९६२) नक्षीदार कागदांचं कोलाज आहे, पण बर्फाच्या पाकळ्या खोडरबरातून कापलेल्या ठशांनी उमटवलेल्या आहेत आणि एका पार्श्वभूमीवर दात घासायच्या ब्रशने शाईचे शिंतोडे उडवलेले आहेत. तीन साध्या रीती एकाच पुस्तकात आल्या की मुलांना कळतं, एका चित्रात बऱ्याच गोष्टी मिसळता येतात.

खोडरबर कापायला कटर लागतो, तेव्हा ते काम मोठ्या माणसाचं. मुलांनी स्वतः ठसा करायचा असेल तर २ ते ३ मिमी जाडीची फोम शीट कात्रीने कापून बाटलीच्या झाकणावर चिकटवावी. दुसरा प्रकार दोऱ्याचा: ५ × ५ सेंमीच्या जाड पुठ्ठ्यावर डिंक लावून सुतळी हवी तशी वळवून चिकटवा, मागे पुठ्ठ्याचीच मूठ बसवा. दोन्ही ठसे वापरण्याआधी रात्रभर वाळले पाहिजेत, नाहीतर ओल्या रंगाने डिंक सुटतो. अक्षरांचा ठसा करायचा असेल तर तो उलटा उमटतो. हे आधी सांगू नका. एकदा उलटं उमटू दे, मग आरशात बघू दे. कायमचं लक्षात राहतं.

शाईची गादी घरीच होते: सपाट डबीत अर्धा सेंमी जाडीचा स्पंज, त्यावर पोस्टर कलर एक चमचा आणि पाणी अर्धा चमचा, ब्रशने पसरवून. ठसा रंगात बुडवायचा नाही, टेकवायचा. ठसा घसरतोय, कडेला रंगाची गोल रेघ येतेय, आतली नक्षी भरून जातेय, या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच: रंग जास्त. पहिला ठसा रद्दीवर, दुसरा चित्रावर. कागदाखाली वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्यांची गादी ठेवा. कडक टेबलावर ठशाचा मधला भाग उमटत नाही, खाली मऊ असलं की पूर्ण उमटतो. दाबायचं, ‘एक, दोन’ म्हणायचं, सरळ वर उचलायचं. मुलं ठसा डावीउजवीकडे डोलवतात, त्याने दुहेरी कड येते.

ठसेकामात मुलं कागद भरून टाकतात, एकही जागा रिकामी राहत नाही. त्याला रोखण्यापेक्षा काम द्यावं: एकाच ठशाने गर्दी दाखव, मग दुसऱ्या कागदावर त्याच ठशाने एक रांग दाखव, मग कोणीतरी रांग सोडून चाललेलं दाखव. ठसा एकच, गोष्टी तीन.

शिंतोड्यांसाठी रंग ठशापेक्षा बराच पातळ. दात घासायचा ब्रश कागदापासून १५ ते २० सेंमीवर धरायचा, केस कागदाकडे, आणि ते केस अंगठ्याने किंवा पट्टीने स्वतःकडे ओढायचे. ओढलेले केस सुटून पुढे उसळतात आणि शिंतोडे कागदावर जातात. अंगठा पुढे ढकलला तर सगळं अंगावर येतं, आणि बहुतेक मुलं आधी हेच करतात. ब्रश भिजवल्यावर एकदा झटकून घ्या, नाहीतर पहिल्याच ओढीला मोठे थेंब पडतात. जिथे शिंतोडे नकोत ती जागा झाकायला कागदाचे आकार नुसते ठेवले तर हलतात. त्यावर नाणं किंवा बटण वजनाला ठेवा. चार मुलांपेक्षा जास्त मुलांना एका वेळी हे काम देऊ नका, आणि मोठ्या खोक्याच्या आत कागद ठेवून करू द्या. भिंती वाचतात.

रात्र, पाऊस, पाण्याखालचं जग

अशी पानं असलेल्या पुस्तकावर मेणखडू आणि जलरंग हा सर्वांत सोपा प्रकल्प आहे. मेण पाणी झटकतं, तेवढ्या तत्त्वावर तो चालतो. १५० ते २०० जीएसएमचा कागद, मेणखडू किंवा तैलखडू, आणि भरपूर पाण्यातला गडद निळा जलरंग. खडू दाबून चालवावा लागतो. हलक्या हाताने मेणाचा थर तुटक राहतो आणि मधून रंग शिरतो. पोस्टर कलर जाडसर वापरला तर तो मेणालाही झाकून टाकतो, म्हणून इथे जलरंगच. रुंद सपाट ब्रशने एकदाच वरून खाली जायचं. परत परत घासलं की ओल्या कागदाचा भुसा निघतो. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या खडूने काढलेलं चित्र रंग फिरवल्यावर अचानक दिसू लागतं, ते सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवा. त्याहून लहानांना आपण काय काढलं ते दिसत नाही म्हणून ती अस्वस्थ होतात.

चित्रांची गोष्ट, मग पुस्तक

सहा वर्षांपुढच्या मुलांना एका चित्रावर थांबवू नका. चित्रपुस्तकाची खरी गंमत पान उलटण्यात आहे, तेव्हा त्यांनाही पानं द्या.

घडीचं पुस्तक करायला ए३ कागद (४२ × २९.७ सेंमी) लांबीच्या दिशेने कापून १४.८ सेंमी रुंदीच्या दोन पट्ट्या करा. पट्टीची आधी मधोमध घडी, मग प्रत्येक अर्ध्याची परत मधोमध घडी. अशी १०.५ सेंमीची चार पानं होतात. मग घड्या आलटून-पालटून उलट करा म्हणजे पट्टी नागमोडी उभी राहते. फूटपट्टीने मोजून रेघा मारत घड्या घालू नका. प्रत्येक मापातली एखाद मिलिमीटरची चूक साठत जाते आणि शेवटचं पान बाहेर येतं. अर्ध्याची अर्धी घडी चुकत नाही. दोन पट्ट्या मागून कागदी चिकटपट्टीने जोडल्या की आठ पानं. दोन्ही टोकांना ११ × १५.३ सेंमीची जाड पुठ्ठ्याची कव्हरं. चित्रं आधी करून, वाळवून मगच कव्हर लावा. ओल्या चित्रांची घडी मिटली की पानं एकमेकांना चिकटतात.

आठ पानं म्हटल्यावर मुलं पहिल्या दोन पानांत सगळी गोष्ट संपवतात. आधी आठ छोट्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने खुणा करून त्या क्रमाने मांडू द्या, अदलाबदल करू द्या. गोष्टीचा सांगाडा सोपा ठेवा: कोणीतरी कुठूनतरी निघतं, वाटेत तीन जण भेटतात, शेवटी काहीतरी बदललेलं असतं.

दुसरी हमखास अडचण अशी की पात्र प्रत्येक पानावर वेगळंच दिसतं. पहिल्या पानावर लांब मानेचं, तिसऱ्यावर मान गायब. या वयात ते स्वाभाविक आहे, पण मुलांनाच ते खटकतं. उपाय म्हणजे पात्राचा कार्डशीटचा साचा. ६-७ सेंमी उंचीची बाहुली, हात-पाय-डोकं वेगळं कापून पसरत्या पायांच्या पितळी पिनांनी जोडलेलं. पानावर ठेवायची, हातपाय हलवून पळती, बसलेली, वाकलेली करायची आणि भोवती पेन्सिल फिरवायची. पात्र तेच राहतं आणि हालचाल बदलते. पिनेचं भोक पिनेपेक्षा किंचित मोठं हवं, नाहीतर सांधा फिरत नाही आणि कागद फाटतो.

उघडल्यावर उभी राहणारी गोष्ट एकाच पानावर ठेवा, तीही कळसाच्या. पान दुमडून घडीच्या कडेपासून आत, एकमेकींपासून २ सेंमी अंतरावर दोन समांतर चिरा द्या, ३ सेंमी लांबीच्या, मधली पट्टी मागेपुढे मोडून नरम करा, पान उघडून ती आतल्या बाजूला ढकला. खोक्यासारखी पायरी तयार होते, तिच्या पुढच्या चेहऱ्यावर पात्र चिकटवायचं. दोन गोष्टी बिघडतात. चीर पानाच्या रुंदीच्या अर्ध्यापेक्षा लांब असेल तर पान मिटल्यावर पायरी बाहेर डोकावते. आणि पात्र पायरीच्या दोन्ही बाजूंना चिकटलं तर पान मिटतच नाही. डिंक फक्त समोरच्या बाजूला. पात्र फार उंच झालं तर तेही मिटल्यावर बाहेर येतं, म्हणून चिकटवण्याआधी हाताने धरून पान एकदा मिटून बघावं.

कात्री, वेळ आणि मोठ्यांचा हात

कापताना कात्री एका जागी राहते आणि कागद फिरतो, हे मुलांना दाखवावं लागतं. ती कात्रीच वळवत मनगट वाकडं करतात. डावखुऱ्या मुलांना डाव्या हाताची कात्री हवीच. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याच्या दाबाने पाती एकमेकांपासून दूर जातात आणि कागद कापला जाण्याऐवजी मध्ये दुमडतो. अशा मुलाला ‘कापता येत नाही’ असं ठरवून टाकलेलं फार वेळा दिसतं, आणि दोष फक्त हत्याराचा असतो.

वेळ एका बैठकीला ४० मिनिटांहून जास्त नको, चार वर्षांच्यांना २५ पुरे. कोलाजला तीन बैठका धरा: कागद रंगवणं, मांडणं आणि चिकटवणं, राहिलेलं पूर्ण करणं. रंगांवर आणि डिंकावर ते विषारी नसल्याचं लिहिलंय का ते बघा, आणि तीन वर्षांखालचं मूल आसपास असेल तर बटणं, पिना, मणी बाहेर काढू नका. तयार मिळणारे हलते प्लास्टिकचे डोळे आणि चकाकीची पूड यांपासून मी मुलांना लांबच ठेवतो. ते डोळे लावले की वीस प्राण्यांचा एकच चेहरा होतो, आणि डोळा कसा काढायचा हा प्रश्न मुलाला पडतच नाही. कागदाचे दोन ठिपके जरा वर-खाली सरकवले तर पात्र रुसतं, दचकतं, झोपतं. हे शोधायला मिळणं महत्त्वाचं आहे.

मुलाच्या कागदावर मोठ्यांनी एकही रेघ मारू नये. दाखवायचं असेल तर शेजारी दुसरा कागद घ्या. ‘छान’ म्हणण्याऐवजी जे दिसतं ते बोला: ‘इथे तू निळ्यावर निळाच लावलास’, ‘हा तुकडा कागदाच्या बाहेर निघालाय’. मूल लगेच त्याचं कारण सांगू लागतं, आणि ते कारण ऐकण्यासारखं असतं. ते वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच शब्दांत, चित्राच्या मागे लिहून ठेवा.

पहिल्यांदाच घेत असाल तर चार वर्षांच्या गटाला फाडकामाने आणि सहा वर्षांपुढच्यांना ठशांनी सुरुवात करा. कोलाज मग घ्या, कारण त्याला आधी एक दिवस रंगवायला लागतो आणि कागद दाबून ठेवायला रात्र. उरलेले रंगवलेले तुकडे तळहाताएवढे असले तरी टाकू नका. रंगांप्रमाणे पाकिटांत भरून ठेवा, पुढच्या पुस्तकाला पार्श्वभूमी सोडून सगळं त्यातच होतं.